दात्रकोशिका पांडुरोग, महाराष्ट्रातील
तांबड्या रक्तकोशिकांना विळ्यासारखा आकार आणणारा आनुवंशिक रोग. व्यवहारात तो ‘सिकलसेल’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकन वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात निलगिरी भागातील आदिवासींत तो असल्याची नोंद १९५२ मध्ये झाली.

महाराष्ट्रात त्याच्या अभ्यासाला व्यापक स्वरूप देण्याचे श्रेय मुख्यत्वे पुण्याच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळातील संशोधक सुदाम काटे यांना जाते. आदिवासी वस्त्यांतील रक्ततपासण्यांच्या आधारे त्यांनी भिल्ल, पावरा, माडिया इ. जमातींत वाहकांचे प्रमाण सु. २० ते ३५ टक्के असल्याचे दाखविले. यांपैकी भिल्लांची वस्ती नाशिक जिल्ह्यात बागलाण, कळवण या भागांतही आहे. या कार्याबद्दल काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

वाहक व्यक्ती बहुधा निरोगी असते. परंतु आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भावस्थेतील रक्तारुण जन्मानंतरही काही महिने टिकून राहत असल्याने बालक सुरुवातीस सुदृढ दिसते. पुढे हातापायांना सूज, तीव्र वेदना व घातक जंतुसंसर्ग उद्भवतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता नवजाताची तपासणी करणे आवश्यक ठरते. वेळीच निदान झाल्यास पेनिसिलीन व लसीकरण यांनी बालमृत्यू पुष्कळ टाळता येतात. १ जुलै २०२३ रोजी या रोगाच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणीमागोमाग उपचारही पाड्यापर्यंत पोहोचणे, यावरच तिचे यश अवलंबून आहे.