कॅमेऱ्यात दडलेली खोली

न्यायालयाने 'इन कॅमेरा' सुनावणीचा आदेश दिला, ही बातमी वाचून अनेकांना वाटतं की आता सगळ्याचं चित्रीकरण होणार. अर्थ नेमका उलटा आहे. बाहेरच्यांना मज्जाव, दार बंद.

लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे कमानदार छत, आणि पुढे तसं छत असलेली खोली. मूळ शब्द ग्रीक 'कमारा'. 'इन कॅमेरा' म्हणजे खोलीत, न्यायाधीशांच्या दालनात.

रोमन साम्राज्य लयाला गेलं, शब्द मात्र घरोघरी राहिला. इटलीत आजही हॉटेलात 'कामेरा' मागितली की खोली मिळते. संसदेचं कनिष्ठ सभागृहही 'कामेरा'च. फ्रेंचांनी त्याचं 'शांब्र' केलं, त्यातून इंग्रजी 'चेंबर' आला. रशियनमध्ये 'कामेरा' तुरुंगाची कोठडीही असते. स्पेनमध्ये एका खोलीत राहणाऱ्या सैनिकांच्या गटाला 'कामारादा' म्हणत. पुढे त्यातल्या एकेकालाही तेच नाव पडलं आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'कॉम्रेड' पोहोचला. पोर्तुगीजांचा 'कामरा' हिंदीत 'कमरा' झाला, तर त्यांच्या राजवटीतल्या गोव्यात नगरपालिका 'कामरा म्युनिसिपाल' होती.

मग खोलीचं यंत्र कसं झालं?

अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. हे पूर्वीपासून ठाऊक होतं. १६०४ साली खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात त्याला 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, म्हटलं. १६२० मध्ये इंग्रज मुत्सद्दी हेन्री वॉटन त्याला लिंझ शहरात भेटला. केप्लरच्या अभ्यासिकेतलं एक निसर्गचित्र पाहून वॉटन थक्क झाला. केप्लरने त्याला युक्ती सांगितली : एक माणूस मावेल एवढा काळा तंबू, पवनचक्कीसारखा हव्या त्या दिशेला फिरणारा. त्याच्या भोकात भिंग बसवलेली नळी. आत कागदावर दृश्य पडे आणि केप्लर ते गिरवून घेई. हे चित्र चित्रकार म्हणून नव्हे, गणिती म्हणून काढलं, असं तो म्हणाला.

खोलीचा तंबू झाला, तंबूची पेटी झाली. एकोणिसाव्या शतकात पेटीतलं दृश्य रसायनांनी पत्र्यावर टिकू लागलं. नावातला 'अंधार' गळून पडला, उरली ती नुसती खोली. इटालियन लोकांनी मात्र नुसतं खोलीचं नाव यंत्राला दिलं नाही. त्यांचा कॅमेरा 'माक्किना फोटोग्राफिका'.

मराठी बातम्यांत आता 'इन कॅमेरा शवविच्छेदन'ही असतं, आणि तिथे खरोखर चित्रीकरण होतं. न्यायालयाच्या बातमीत हेच दोन शब्द बंद खोली सांगतात, रुग्णालयाच्या बातमीत चालू यंत्र.