लांब दांड्याचं फूल : घरच्या फुलबागेचा थोडा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने फुलबागेवर काय बोलायचं? खतपाणी सांगायला कृषी महाविद्यालयाची मंडळी आहेत. ते खरंच आहे. पण घरी फुलदाणीत ठेवण्यासाठी म्हणून मुद्दाम फुलं लावायची, ती दांड्यासकट कापायची आणि चार दिवस पाण्यात ठेवायची, ही गोष्ट आपल्याकडे वाटते तितकी जुनी नाही. ती कुठून आली, तिच्याआधी काय होतं आणि तिने आपल्या घरात नेमकं काय बदललं, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि थोडा तत्त्वज्ञानाचाही आहे. आम्ही त्या बाजूने बोलणार आहोत.

सुरुवात क्रियापदांपासून करू. मराठीत फूल आपण तोडतो, खुडतो, वेचतो, काढतो. 'फूल कापलं' असं आपली आजी कधी म्हणाली नसती. कापायचं ते गवत आणि भात. फूल कापणं हा शब्द बाजारातून आला. बाजारात आजही फुलांचे दोन प्रकार मानतात: सुटी फुलं आणि लांब दांड्याची फुलं. झेंडू, मोगरा, शेवंती, गलांडा ही सुटी. ती किलोवर जातात. गुलाब, निशिगंध, ग्लॅडिओलस, जरबेरा ही दांड्याची. ती नगावर किंवा जुडीवर जातात. या दोन मापांच्या मागे दोन वेगळे इतिहास आहेत.

पहिला इतिहास फार जुना आहे आणि त्याचा एक पुरावा आपल्या जिल्ह्यातच आहे. कागलजवळच्या बामणी गावात शिलाहार राजा विजयादित्याचा शके १०७३ चा शिलालेख आहे. म्हणजे बाराव्या शतकाचा मध्य. पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दान काय? शेताचा एक तुकडा, बारा हात मापाचं घर आणि तीस स्तंभ मापाची फुलबाग. शेत, घर आणि फुलबाग, तिन्ही मोजून दिलेली! म्हणजे फुलबाग ही शोभेची जागा नव्हती. ती शेतासारखीच उत्पन्नाची जमीन होती, फक्त तिचं पीक देवाच्या पायाशी जात होतं.

शिलाहार ज्या कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते, त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर 'मानसोल्लास' हा ग्रंथ आहे. तोही बाराव्या शतकातलाच. राजाने कोणकोणते उपभोग घ्यावेत याची त्यात यादी आहे आणि त्यात फुलांच्या माळांचा उपभोग स्वतंत्र सांगितला आहे. देवळात पूजेचं फूल, दरबारात माळेचं फूल. दोन्हीकडे दांडा नको. माळेत दांडा अडचणच करतो.

हीच व्यवस्था घरातही होती. आपल्याकडच्या जुन्या घरांमागचं परडं आठवा. विहीर किंवा न्हाणीचं वाहतं पाणी, त्या पाण्यावर कर्दळ, अळू. शेजारी जास्वंद, तगर, कण्हेर, गोकर्ण, अनंत, कुंपणाला कोरांटी, मांडवावर जाई-जुई, कोपऱ्यात प्राजक्त. ही यादी नीट बघितली तर लक्षात येईल की जवळजवळ सगळी झाडं बारमाही आहेत, एकदा लावली की वर्षानुवर्षं देणारी. आणि यातलं बहुतेक फूल चिमटीत धरून देठापासून खुडायचं. ते परडीत पडतं, पाण्यात उभं राहत नाही. सकाळी खुडायचं, अंघोळ करून खुडायचं, वास न घेता देवाला वाहायचं. जमिनीवर पडलेलं फूल चालत नाही, अपवाद प्राजक्ताचा. दुसऱ्या दिवशी त्याचं निर्माल्य. या फुलाचं आयुष्य एका दिवसाचं आणि त्याचा मालक ठरलेला.

उरलेलं फूल वेणीत, गजऱ्यात. इथे मात्र थांबून विचार केला पाहिजे. गजरा कोणी माळायचा? कुमारिकेने आणि सवाष्णीने. घरातली विधवा बाई पहाटे उठून परड्यातली फुलं काढायची, देवपूजेची तयारी करायची, सुनेसाठी गजराही ओवून द्यायची, पण तिच्या स्वतःच्या डोक्यात त्यातली एक कळी जायची नाही. झाडाला पाणी तिचं, फूल मात्र तिचं नाही. आपल्या पिढीतल्या अनेकांनी हे घरात पाहिलेलं आहे आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणी बोलून दाखवत नव्हतं. म्हणून परड्याबद्दल नुसतं हळवं होऊन चालणार नाही.

तसंच फूल पिकवणाऱ्याचं. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुलं पुरवण्याच्या व्यवसायावरून ते फुले झाले. आडनावात व्यवसाय आला, म्हणजे फूल हा जातीने वाटून दिलेला धंदा होता. फूल कोणी पिकवायचं, कोणी ओवायचं, कोणी वाहायचं आणि कोणी माळायचं, हे सगळं आधीच ठरलेलं. आमच्या म्हणण्याचा गाभा इथे आहे: आपल्या परंपरेत फूल कधीच मोकळं नव्हतं. ते नेहमी कुणाच्या तरी नावाचं होतं.

आता दुसरा इतिहास. तो समुद्रावरून आला. दसऱ्याला आपण दाराला तोरण बांधतो ते झेंडूचं. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा! तिकडे तो मृतांच्या स्मरणाच्या सणाला वाहतात, इकडे आपण तो शस्त्रपूजेला वाहतो. निशिगंधही मेक्सिकोचाच. झिनिया, कॉसमॉस, डेलियासुद्धा तिकडचेच. अमेरिकेतली ही फुलं सोळाव्या शतकापासून पुढे युरोपीय जहाजांच्या वाटेने जगभर पसरली. डेलियाचं बियाणं १७८९ मध्ये माद्रिदच्या राजबागेत पोचलं, तिथून युरोपभर आणि मग आपल्याकडे. ॲस्टर चीनमधून पॅरिसमार्गे आला. जरबेरा दक्षिण आफ्रिकेचा. म्हणजे फुलांच्या बाबतीत 'आपलं' आणि 'परकं' हा वाद फार ताणू नये. झेंडूशिवाय दसरा होतो का, हे कुणालाही विचारा.

निशिगंधाला आपण गुलछडी म्हणतो. गुल म्हणजे फूल, छडी म्हणजे काठी. आमच्या समजुतीने आपल्या बोलीतलं हे असं दुर्मिळ नाव आहे की ज्यात दांड्याची दखल घेतलेली आहे. गुलदस्ता हा शब्दही फारसीतून आलेला, मुठीत धरलेली फुलांची जुडी. पण हा गुलदस्ता दरबारापुरता राहिला. घरात फुलदाणी आली ती इंग्रजांच्या बंगल्यातून. बंगाल प्रांतातले पाद्री फर्मिंजर यांचं हिंदुस्थानातल्या बागकामावरचं पुस्तक १८६० च्या दशकातलं. पुण्याला १८७३ मध्ये गणेशखिंडीची वनस्पती बाग सुरू झाली. तिची देखरेख करणारे मार्शल वुड्रो सायन्स कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत, आणि त्यांनीही इथल्या हवामानासाठी बागकामाचं पुस्तक लिहिलं. १८८४ ची पुण्यातली पोचा यांची बियाण्यांची पेढी. हंगामी फुलांचं बी पाकिटात मिळू लागलं, ही आमच्या मते मोठी घटना. कारण परड्यातली झाडं फांदी मागून आणायची होती. शेजारणीने दिली तर मिळायची, नाही दिली तर नाही. पाकीट कुणालाही मिळतं.

कोल्हापुरात त्याच काळात चार्ल्स मँट यांनी आखलेली टाऊन हॉलची आणि नव्या राजवाड्याची इमारत उभी राहिली, त्यांच्याभोवती आखीव बागा आल्या. पुढे राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क अशा वसाहती झाल्या आणि घरापुढे बाग हा मध्यमवर्गाचा शिरस्ता झाला. मागचं परडं जाऊन पुढची बाग आली. पण गंमत पाहा. पुढच्या बागेत फुलं आहेत आणि ती तोडायची नाहीत! फाटकावर पाटी, 'फुले तोडू नयेत'. देवाला फूल हवं म्हणून पहाटे पिशवी घेऊन फिरणारी मंडळी आणि गॅलरीतून ओरडणारे घरमालक यांचं भांडण प्रत्येक कॉलनीत आहे. ते केवळ दोन माणसांचं भांडण नाही. परड्याचा इतिहास आणि बंगल्याचा इतिहास तिथे एकमेकांसमोर उभे आहेत.

कापायच्या फुलांचा वाफा या दोन्हीपेक्षा वेगळा. तो परड्यासारखा बारमाही नाही आणि पुढच्या बागेसारखा नुसता बघायचा नाही. तो भाजीच्या वाफ्यासारखा आहे. मेथी कापताना कुणाला वाईट वाटत नाही, कारण ती त्यासाठीच पेरलेली असते. तसंच हे. त्यामुळे तो दर्शनी जागेत नको. बाजूला, पण पाच-सहा तास ऊन लागेल असा. चार फूट रुंद म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. लांबी दहा फूट असली तरी एका घराला पुष्कळ. जागाच नसेल तर गच्चीवर फळांचे क्रेट चालतात.

कोल्हापूरचं हवामान त्याला फार सोयीचं आहे, एक जुलै सोडला तर. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावावेत. पावसाळ्यात दांडे सुरू होतात आणि तेच कंद तीन वर्षं जागेवर चालतात. शेवंतीची रोपं मे-जूनमध्ये. दिवस लहान झाले की तिला कळ्या येतात, म्हणून ती दिवाळीच्या आसपास फुलते. झेंडूचं बी जूनमध्ये, दसऱ्यासाठी. ॲस्टरचं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे थंडीत फुलं. ग्लॅडिओलसचे कंद पावसाचा जोर ओसरल्यावर, पण सगळे एकाच दिवशी लावू नयेत. पंधरा-पंधरा दिवसांनी आठ-दहा लावले तर फुलंही ओळीने येत राहतात. अडीच-तीन महिन्यांत दांडा तयार. वाफ्यात पाणी साचू द्यायचं नाही, आपल्या काळ्या जमिनीत कंद कुजतात. म्हणून वाफा वीतभर उंच हवा.

कापायचं कसं? सकाळी, ऊन चढायच्या आत, पाण्याची बादली जवळ घेऊन. दांड्यातल्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं. कापल्यावर दांडा कोरडा राहिला तर नळ्यांत हवा शिरते आणि फूल मान टाकतं. म्हणून तिरका काप, लगेच पाण्यात, आणि फुलदाणीत ठेवताना परत अर्धा इंच काप. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची. पाणी रोज बदलायचं. ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की कापावा, आणि चार पानं झाडावर ठेवावीत, नाहीतर कंद पोसत नाही. झिनियाचा दांडा खालून धरून हलवून पाहावा. लवला तर अजून कच्चा. जरबेरा मात्र कापायचा नाही! त्याचा दांडा बुडाशी पिळून ओढून काढायचा, कारण कापलेला खुंट कुजतो. म्हणजे परदेशी फुलानेही शेवटी आपलं 'तोडणं' राखलं.

हंगामी झाड कापलं की जास्त फुलतं, हे अनेकांना खरं वाटत नाही. त्या झाडाचं काम बी धरण्याचं. फूल गेलं, बी झालं नाही, की झाड पुन्हा कळी काढतं. आपल्या जिल्ह्यात जैन विचाराची मोठी परंपरा आहे, आणि फूल कापण्यात हिंसा नाही का, असा प्रश्न आमच्या वर्गातही येत असे. तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आमचं उत्तर इतकंच की शेवटची काही फुलं झाडावर ठेवावीत, बी धरू द्यावं आणि त्याच बियाण्याने पुढचा वाफा पेरावा. घेणं आणि राखणं दोन्ही एकाच हाताने झालं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, शिरोळकडे हरितगृहांत उत्तम गुलाब आणि जरबेरा पिकतो, बाजारातून जुडी आणा, एवढी यातायात कशाला? आणावी, जरूर आणावी. त्यावर अनेक घरं चालतात. पण विकत आणलेली जुडी आपण प्रसंगाला आणतो. वाढदिवस, सत्कार, आजारपण. पुन्हा ते फूल कुणाच्या तरी नावाचं झालं. वाफ्यातलं फूल मंगळवारीही येतं आणि काही कारण नसताना येतं.

कांटने १७९० च्या ग्रंथात निखळ सौंदर्याचं उदाहरण म्हणून फुलाचंच नाव घेतलं. ते कशासाठी आहे हे न विचारता आवडतं, असा त्याचा मुद्दा. आम्ही वर्षानुवर्षं तो शिकवला. पण आपल्या घरात फूल 'कशासाठी' आणि 'कुणासाठी' हे विचारल्याशिवाय कधी आलंच नव्हतं, ही बाजू कांटला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

२०२२ च्या मे महिन्यात आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की पतीच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. लगेच राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. ठराव झाला म्हणून प्रथा दुसऱ्या दिवशी जात नाही, हे आपण जाणतो. माळण्याचा गजरा हातात घ्यायला अजूनही कितीतरी बायकांचं मन कचरतं. पण टेबलावर, खिडकीत, पाण्याच्या साध्या तांब्यात ठेवलेली गुलछडी कुणाची सवाष्ण विचारत नाही, कुणाची जात विचारत नाही, सोवळं विचारत नाही. ती त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाची असते. ज्या हाताने पाणी घातलं, त्याच हाताने ती कापावी आणि त्याच माणसाने तिच्यासमोर चहा घेत बसावं. एवढा लहान बदल, पण बामणीच्या शिलालेखापासून मोजलं तर त्याला जवळजवळ पावणेनऊशे वर्षं लागली.

परडं मोडा असं आम्ही सांगत नाही. देवाची जास्वंद देवाला द्यावी, अंबाबाईच्या दारातल्या फुलवालीकडून वेणीही घ्यावी. फक्त एक वाफा असा ठेवा की ज्यातलं फूल कुणाच्याच नावाचं नाही. आणि घरात एखादी आत्या, आजी, वहिनी असेल, जिने आयुष्यभर फुलं दुसऱ्यांसाठी काढली, तर त्या वाफ्याची कात्री तिच्या हातात द्या. फुलदाणीतली फुलं सुकली की नदीत टाकू नका, पंचगंगेला आधीच पुष्कळ सोसावं लागतं. ती त्याच वाफ्याच्या खतात जाऊ द्या.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. कीड कोणती आणि औषध कोणतं, हे मात्र आम्हाला विचारू नका! इथेच थांबतो.