बाळंतपणातली चूक: माणसाची की कामाच्या रचनेची?

बाळंतपणात काही बिघडलं की आपण पहिल्यांदा विचारतो, "ड्युटीवर सिस्टर कोण होती?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. का, ते समजायला थोडा इतिहास पाहू.

पारोळ्याच्या खेड्यापाड्यांत पूर्वी बाळंतपण सुईण करायची. तिच्या जागी शिकलेली नर्सबाई, म्हणजे एएनएम, आणायचं शासनाने ठरवलं. १९५० च्या दशकात तिचं शिक्षण २ वर्षांचं होतं आणि त्यात बाळंतपणावर भर होता. पुढे कुटुंब नियोजनाची उद्दिष्टं आली. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्यसेविका करायला सांगितलं. लसीकरण, हिवताप, नोंदवह्या, सगळं तिच्याकडे आलं. शिक्षण मात्र १९७७ मध्ये दीड वर्षावर आलं. ५,००० लोकसंख्येच्या उपकेंद्रात ती बहुधा एकटीच. काम वाढलं, हातचा सराव कमी झाला.

मग २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास गेली. हे चांगलंच झालं. पण गर्दी प्रसूतिकक्षात आली, आणि सगळीकडे मनुष्यबळ त्या प्रमाणात वाढलं नाही.

याचा चुकीशी काय संबंध? बाळ जन्मल्यावर रक्तस्राव टाळायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. ते थंड जागी ठेवावं लागतं. खानदेशच्या उन्हाळ्यात फ्रीज बंद पडला तर औषधाचा जोर कमी होतो. एकाच वेळी दोघी बाळंत होत असतील आणि सिस्टर एकच असेल, तर पहिलीचा वाढता रक्तस्राव उशिरा लक्षात येतो. रात्रपाळीच्या शेवटी थकल्या डोळ्यांनी रक्तदाबाची नोंद राहून जाते. यातली एकही चूक केवळ निष्काळजीपणाची नाही.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने खास प्रसूतिसेवेसाठी मिडवाइफ तयार करण्याचं धोरण आणलं. म्हणजे बाळंतपणाला पूर्ण लक्ष देणारं माणूस हवं, हे मान्य झालं.

तुम्ही काय कराल? सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा: रात्री किती सिस्टर असतात? रक्ताची सोय कुठे? धुळ्याला किंवा जळगावला न्यायची वेळ आली तर गाडी कोणती? बाळंतपणानंतर पहिले दोन तास जवळच्या बाईने आईपाशीच बसावं. पॅड भराभर भिजू लागलं, चक्कर आली किंवा अंग गार पडलं, तर लगेच हाक मारा. तुमची हाक म्हणजे त्या एकट्या सिस्टरला मिळालेली मदतच असते.