सेल संपले की विसरणारं यंत्र

परवा नववीतल्या एका मुलाने सांगितलं, "सर, ॲसिड हाऊस हे संगीत शिकागोच्या आधी मुंबईत जन्मलं!" क्षणभर छाती फुगली. मग माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

गोष्ट खरी कितपत? चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे मुंबईचे वादक. 1982 मध्ये त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं वापरून भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ती रेकॉर्ड फारशी खपली नाही. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' आलं 1987 मध्ये. दोन्हीकडे टीबी-303 हेच यंत्र. पण शिकागोच्या पोरांनी सिंगसाहेबांना ऐकल्याचा काहीच पुरावा नाही. आधी होणं वेगळं, जन्म देणं वेगळं. 'सगळे शोध आपल्याच लोकांनी लावले' असले मेसेज आपल्या ग्रुपांवर रोज येतात, म्हणून हे जरा ठासून सांगतो.

मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. पेटीवर मींड निघत नाही, ही जुनी तक्रार. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदीच घातली होती, ती 1971 पर्यंत चालली. आणि 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती! ते बनवलं होतं गिटारवाल्यांना सरावासाठी बासची साथ मिळावी म्हणून. सिंगसाहेबांनी त्यात राग घातला. श्रुती त्यात नाहीत, हे मान्य. स्वर बाराच.

सोबतचा ज्युपिटर-8 निम्मा जुना, निम्मा नवा. आवाज विजेच्या लहरींतून घडतो, पण कळांचा हिशेब झेड-80 नावाची चिप ठेवते आणि तयार केलेले 64 आवाज लक्षात राहतात. यंत्र तापलं की सूर सरकतात, म्हणून सूर जुळवायचं बटणच दिलंय. तंबोऱ्यासारखंच, पुन्हा पुन्हा जुळवा. 303 चं दुखणं वेगळं: सेल संपले की त्यात भरलेल्या सुरावटी विस्कटतात. सेल गळले तर आतला पत्राही खातात.

2010 मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीने ती रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा जगाला हे नाव कळलं. 2015 मध्ये सिंगसाहेब गेले.

कुंडलिकेपलीकडे, जुन्या जालन्यात एक चाचा आहेत. एके काळी कव्वाली पार्टीत 'कॅसिओ' वाजवायचे (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे तो कॅसिओच), आता बँडवाल्यांचे दुरुस्त करतात. कुठलंही यंत्र आलं की आधी सेलचं झाकण उघडतात. त्यांना मोबाइलवर भैरव ऐकवला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "मास्टर, सेल कौन बदलता था इसके?"