जुना एक्सचेंज रेट कसा शोधायचा? (आणि गुगलवरचा आकडा कुठे फसवतो)

आमच्या भिवंडीत पॉवरलूमच्या खडखडाटाइतकीच ओळखीची गोष्ट म्हणजे घरटी एखादा माणूस सौदीत किंवा दुबईत. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे बिल्डिंगमधल्या काकांनी परवा मला घरी बोलावलं आणि एक वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं: ‘2013, दहा हजार रियाल’. तेव्हा सौदीत असलेल्या धाकट्या भावाने काकांना उसने दिले होते. आता परत करायचे, पण किती रुपये? दोघांनी आपापल्या मोबाइलवर शोधलं, दोघांचे आकडे वेगळे आले, आणि दोघांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली.

गंमत म्हणजे दोघांचेही आकडे खरे होते.

मे 2013 च्या सुरुवातीला डॉलर साधारण 54 रुपयांना होता. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह बाजारात ओतत असलेला पैसा कमी करणार, अशी हवा झाली आणि रुपया घसरत गेला. 28 ऑगस्टला डॉलर 68 च्या वर होता. चार महिन्यांत एवढा फरक! म्हणजे ‘2013 चा रेट’ असं काही नसतंच. रेट तारखेचा असतो.

आता रियाल. सौदी रियाल 1986 पासून डॉलरला बांधलेला आहे, 1 डॉलर म्हणजे 3.75 रियाल. यूएईचा दिरहमही तसाच, 3.6725 ला. त्यामुळे रियालचा जुना रेट कुठे सापडला नाही तरी घाबरू नका. त्या दिवशीचा डॉलरचा रेट घ्या आणि 3.75 ने भागा. 54 ला भागलं की 14 रुपये 40 पैसे, 68.36 ला भागलं की 18 रुपये 23 पैसे. दहा हजार रियालचे एका हिशोबाने 1 लाख 44 हजार, दुसऱ्याने 1 लाख 82 हजार. काकांनी मेचा रेट धरला होता, भावाने ऑगस्टचा. साहजिकच आहे म्हणा.

मग सरासरी का नाही घ्यायची? रिझर्व्ह बँकेच्या ‘हँडबुक ऑफ स्टॅटिस्टिक्स’मध्ये वार्षिक सरासरी मिळते. पण ती कॅलेंडर वर्षाची वेगळी आणि आर्थिक वर्षाची वेगळी. 2013-14 ची सरासरी 60.50 आहे, जानेवारी ते डिसेंबर 2013 ची त्याहून कमी. बरेच अ‍ॅप नुसतं ‘2013’ लिहितात आणि आत काय धरलंय ते सांगत नाहीत. अभ्यासाला सरासरी ठीक, उसनवारीला नाही.

एका दिवसाचा अधिकृत रेट हवा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या साइटवर ‘रेफरन्स रेट अर्काइव्ह’ बघा. तारीख टाकली की डॉलर, पौंड, युरो, येन मिळतात. 10 जुलै 2018 पासून हे रेट एफबीआयएल ही संस्था काढते: सकाळी 11:30 ते 12:30 या तासातली 15 मिनिटं निवडून, त्यातल्या प्रत्यक्ष सौद्यांवरून. शनिवार-रविवारी रेट नसतो, तेव्हा आधीच्या कामाच्या दिवसाचा धरायची पद्धत आहे. परदेशातल्या उत्पन्नाचा टॅक्स भरताना मात्र हा रेट चालत नाही. तिथे आयकर नियमांप्रमाणे स्टेट बँकेचा ‘टीटी बायिंग रेट’ लागतो. ते रेट कार्ड रोज बदलतं, म्हणून लागेल त्या दिवशीच पीडीएफ सेव्ह करून ठेवा.

आणखी एक. अ‍ॅपमध्ये दिसतो तो खरेदी आणि विक्रीच्या मधला भाव. एक्सचेंजवाला आपलं मार्जिन कापून कमी देतो, वर फी वेगळी. म्हणून मी काकांना म्हटलं, रेट सोडा, पासबुक काढा. निघालं बिचारं, पिवळं पडलेलं. जमा जुलैच्या मध्यावर, 1 लाख 57 हजारांच्या आसपास. तेव्हा डॉलर 60 च्या घरात होता, रियाल 16 ला. मार्जिन धरून जुळतं.

पण भाऊ म्हणतो, मी रियाल दिले, मला रियालच हवेत. डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने 90 ओलांडले, म्हणजे रियाल 24 आणि रक्कम 2 लाख 40 हजार. यावर कुठल्याही वेबसाइटकडे उत्तर नाही. रुपयांत द्यायचे की रियालमध्ये, हे तेव्हाच वहीत लिहायला हवं होतं.

जाता जाता, व्हॉट्सअ‍ॅपवर दर 15 ऑगस्टला फिरणारा ‘1947 मध्ये 1 रुपया = 1 डॉलर’ हा मेसेज. चूक आहे. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता, 13.33 रुपयांना एक पौंड, आणि पौंड 4.03 डॉलरचा. भागून बघा, डॉलर 3.30 च्या आसपास येतो. 1949 मध्ये पौंड 2.80 डॉलरवर आला, रुपयाही त्याच्यासोबत घसरला आणि डॉलर झाला 4.76 रुपये. 6 जून 1966 ला सरकारने तो एका झटक्यात 7.50 केला.

त्या झटक्याने आखातातला आपला रुपयाही संपवला. हो, तिकडे भारताचा रुपया चालायचा! 1959 पासून रिझर्व्ह बँक खास ‘गल्फ रुपी’ छापायची, नंबराआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या वेगळ्या रंगाच्या नोटा. हज यात्रेकरूंसाठी ‘एचए’ अक्षरांच्या नोटा वेगळ्या. कुवेतने 1961 मध्ये आणि बहारीनने 1965 मध्ये स्वतःचा दिनार काढलाच होता. 1966 च्या अवमूल्यनानंतर कतार, दुबईनेही रुपया सोडला. आजोबांच्या पेटीत अशी नोट सापडली तर तिचा रेट या तक्त्यांत शोधू नका, नोटा जमवणाऱ्यांना विचारा.