गुहेतून दोनदा बाहेर आलेला ऋषी

वल्हांडण सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून ज्यू लोक रोज एकेक दिवस मोठ्याने मोजतात. ४९ दिवसांची ही मोजणी पुरी झाली, की सिनाय पर्वतावर धर्मशास्त्र मिळाल्याचा सण येतो. मोजणीला 'ओमेर' म्हणतात. मूळ अर्थ जेरुसलेमच्या मंदिरात वाहावयाची जवाची पेंढी. हे दिवस सुतकासारखे असतात. लग्ने लागत नाहीत, केस कापले जात नाहीत. ३३ वा दिवस मात्र मोकळा. हिब्रू अक्षरांना अंकांचे मोल असते, आपल्या कटपयादीची आठवण व्हावी असे. लामेद म्हणजे ३०, गिमेल म्हणजे ३. म्हणून या दिवसाचे नाव 'लाग बाओमेर'. त्या रात्री गावोगाव होळ्या पेटतात.

सुतक कोणाचे? तालमुद सांगते, की रब्बी अकिवांच्या शिष्यांच्या १२,००० जोड्या या दिवसांत मरण पावल्या, कारण त्यांनी एकमेकांचा मान राखला नाही. मरणे ३३ व्या दिवशी थांबली, असे पुढची परंपरा मानते. काही इतिहासकारांना या साथीच्या कथेमागे इ. स. १३२ ते १३५ या काळातील बार कोखबाचे रोमविरोधी बंड दिसते. बंड चिरडले गेले, खुद्द अकिवांना रोमनांनी ठार केले. त्यांनी मागाहून ज्या पाच जणांना शिकवले, त्यांतले एक शिमोन बार योहाय. लाग बाओमेर हा आज त्यांचा दिवस मानतात.

शिमोनांची मोठी कथा तालमुदात आहे. तिघे पंडित बोलत बसले होते. एकाने रोमनांची स्तुती केली: बाजार वसवले, पूल बांधले, स्नानगृहे उभारली. दुसरा गप्प राहिला. शिमोन म्हणाले, हे सारे त्यांनी स्वतःसाठी केले. बाजार वेश्यांसाठी, स्नानगृहे अंगाच्या चोचल्यांसाठी आणि पूल जकात उकळण्यासाठी. परकी सत्ता अंगावरून गेलेल्या कोणालाही हा वाद ओळखीचा वाटेल. बोलणे बाहेर फुटले आणि शिमोनांना देहान्ताची शिक्षा झाली.

ते मुलगा एलाझार याच्यासह गुहेत लपले. तेथे शेंगांचे एक झाड उगवले, पाण्याचा झरा फुटला. कपडे झिजू नयेत म्हणून दोघे गळ्यापर्यंत वाळूत बसत. प्रार्थनेपुरते तेवढे कपडे घालीत. बारा वर्षे अशी गेली. मग गुहेच्या तोंडाशी एलिया संदेष्टा आला आणि बादशहा मेल्याची वार्ता सांगून गेला. (कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्याच्या नावाने मलिदा करतात, तो हाच एलियाहू हन्नबी.)

बाप-लेक बाहेर आले तो शेतात नांगरणी-पेरणी चाललेली. शाश्वत जीवन टाकून ही माणसे क्षणभंगुरात कशी रमली, असे म्हणून त्यांनी पाहिले आणि जेथे नजर पडली तेथे आग लागली. तेव्हा आकाशवाणी झाली: माझे जग जाळायला बाहेर आलात काय? परत गुहेत जा. तपाने सिद्धी मिळाली. पण ईश्वरालाच ती नकोशी झाली!

आणखी एक वर्षाने दोघे पुन्हा बाहेर आले. आता मुलाने दुखवावे आणि बापाने बरे करावे, असे चालले. शुक्रवारी दिवस मावळताना मर्टल या सुगंधी झुडपाच्या दोन जुड्या घेऊन एक म्हातारा धावताना दिसला. कशाला, असे विचारता तो म्हणाला, शब्बाथच्या मानासाठी. एक जुडी पुरणार नाही काय? आज्ञा दोन आहेत, म्हातारा उत्तरला. स्मरणाची एक, पाळण्याची एक. तेथे बाप-लेकांचे चित्त शांत झाले. माझ्या मते या सणाचा खरा अर्थ होळीपेक्षा या दोन जुड्यांत अधिक आहे.

होळीचा संबंध 'झोहर' ग्रंथाशी जोडतात. हा गूढविद्येचा ग्रंथ शिमोनांचा, अशी श्रद्धा आहे. तो तेराव्या शतकाअखेरीस स्पेनमध्ये प्रकट झाला आणि बहुतेक संशोधक त्याचे कर्तृत्व मोझेस दे लेओनकडे देतात. लाग बाओमेर ही शिमोनांची पुण्यतिथी, हा समजही उशिराचा. जुन्या हस्तलिखितात 'शिमोनांचा आनंद' असे होते, छापताना एक अक्षर गळून 'शिमोन वारले' असे झाले, असे अभ्यासक दाखवतात. लोकांना या घोटाळ्याचे काही वाटले नाही. या दिवसाला 'हिल्लुला' म्हणतात, म्हणजे विवाहसोहळा. संताचा मृत्यू हे आत्म्याचे लग्न. गुलबर्ग्याच्या बंदेनवाजांच्या उरुसाला जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. 'उरूस' या शब्दाचा मूळ अर्थही लग्नच.

गालिलमधील मेरोन डोंगरावर त्यांची समाधी दाखवतात. साफेदचे आयझॅक लुरिया (मृत्यू १५७२) यांनी आपल्या मुलाचे जावळ तेथे काढले, अशी त्यांच्या शिष्याची नोंद आहे. आजही तीन वर्षांच्या मुलांचे जावळ तेथे काढतात. २०२१ च्या यात्रेस सुमारे एक लाख माणसे जमली होती. ३० एप्रिलच्या पहाटेआधी एका अरुंद उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण गेले, त्यांत मुलेही होती.

वाटेचीच एक गोष्ट कथेच्या शेवटी येते. गुहेतून सुटलेल्या शिमोनांनी विचारले, येथे दुरुस्त करण्याजोगे काय आहे? लोकांनी एक जागा दाखवली. खाली प्रेते पुरली असावीत या शंकेने पुरोहितांना तेथे वळसा घालून जावे लागे. त्यांनी जमीन तपासली. टणक ती शुद्ध ठरवली, भुसभुशीत तेथे खूण केली आणि वाट मोकळी केली. रोमनांच्या पुलांना नावे ठेवणाऱ्याने लोकांसाठी रस्ता खुला केला.

पुढे बाजारात त्यांना तो चुगलखोर दिसला. हा अजून जिवंत आहे काय, असे म्हणून त्यांनी नजर टाकली आणि तो माणूस हाडांचा ढीग झाला. तालमुद ही कथा येथेच सोडते.