आर्क्टिक वन्यजीव आश्रयस्थान : तेल-उत्खननाचा वाद

अमेरिकेतील अलास्का राज्याच्या ईशान्य टोकाला असलेल्या आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानाच्या किनारी मैदानात खनिज तेलाच्या विहिरी खोदू द्याव्यात की नाही, याविषयी १९८० पासून चालू असलेला वाद. आश्रयस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ७८,००० चौ. किमी. आहे, वाद मात्र त्यातील ६,००० चौ. किमी.च्या पट्ट्याचा आहे. कायद्यातील कलमावरून या पट्ट्याला ‘१००२ क्षेत्र’ म्हणतात.

पार्श्वभूमी : राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत १९६० मध्ये येथील सुमारे ३६,००० चौ. किमी. प्रदेश प्रथम राखीव झाला. १९६८ मध्ये पश्चिमेकडील प्रूडो बे येथे प्रचंड तेलसाठा सापडला आणि १९७७ मध्ये अलास्काच्या आरपार जाणारी तेलवाहिनी सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या १९८० च्या कायद्याने आश्रयस्थान दुपटीहून मोठे केले आणि मूळ राखीव प्रदेशाच्या बहुतेक भागाला कडक संरक्षण दिले; किनारी मैदानाचा निर्णय मात्र संसदेवर सोपवला. ही तडजोडच वादाचे मूळ होय. १९९८ च्या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणानुसार मैदान व लगतच्या भागात काढता येण्याजोगे तेल ५.७ ते १६ अब्ज बॅरल असावे.

निसर्ग : ब्रूक्स पर्वतरांग आणि बोफर्ट समुद्र यांच्यामधले हे मैदान अरुंद आहे. पॉर्क्युपाइन नावाने ओळखला जाणारा कॅरिबू हरणांचा कळप (२०१७ च्या मोजणीत सुमारे २.१८ लाख) बहुतेक वर्षी मे-अखेरीस व जूनमध्ये विण्यासाठी येथे उतरतो. या दिवसांत गवताचे कोवळे कोंब फुटलेले असतात, लांडगे-अस्वले डोंगराच्या मानाने कमी असतात आणि समुद्रवाऱ्यामुळे डासांचा त्रासही कमी होतो. मैदानाची जखम लवकर भरत नाही. १९८४-८५ च्या हिवाळ्यांत भूकंपीय पाहणीसाठी बर्फावरून फिरलेल्या अवजड वाहनांच्या खुणा काही ठिकाणी दोन दशकांनंतरही दिसत होत्या : वरचे शेवाळ दबले की खालची गोठलेली माती वितळते, जमीन खचते आणि पाणी साचते.

पक्ष व विपक्ष : समर्थकांचा भर रोजगार, महसूल व देशातील तेलपुरवठा यांवर आहे. मैदानातील कक्टोविक या इनुपियाट आदिवासींच्या गावातील अनेकांना तेलाच्या पैशातून शाळा, पाणी व दवाखाने चालावेत असे वाटते. त्यांची गरज खरी आहे. दक्षिणेकडील ग्विचिन लोक मात्र कॅरिबूंच्या शिकारीवर जगतात आणि विण्याची जागा पवित्र मानतात; १९८८ पासून ते संघटितपणे विरोध करीत आहेत. कळप कॅनडातही जात असल्याने त्याच्या रक्षणासाठी दोन्ही देशांत १९८७ मध्ये करार झाला.

घटनाक्रम : १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डीझ तेलगळतीने उत्खननाचा प्रस्ताव मागे पडला. १९९५ मध्ये उत्खननाला वाट देणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला. २००५ मधील प्रयत्न सेनेटमध्ये फसला. २०१७ च्या करकायद्याने मात्र उत्खननाच्या भाडेपट्ट्यांचे लिलाव बंधनकारक केले आणि त्यातून केंद्राला सुमारे १ अब्ज डॉलर मिळतील असा अंदाज बांधला गेला. जानेवारी २०२१ च्या पहिल्या लिलावात एकूण बोली जेमतेम १.४४ कोटी डॉलरची झाली, बहुतेक पट्टे राज्य सरकारच्याच संस्थेने घेतले आणि बड्या तेल कंपन्या दूर राहिल्या. बायडन सरकारने २०२३ मध्ये उरलेले भाडेपट्टे रद्द केले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही. तरीही त्याच वर्षीच्या कायद्याने पुढील १० वर्षांत आणखी ४ लिलाव घेण्याचे बंधन घातले.

मूल्यमापन : महसुलाचे आश्वासन दोन्ही लिलावांत पोकळ ठरले, विण्याच्या जागेला मात्र पर्याय नाही. कक्टोविकच्या शाळा-दवाखान्यांची सोय करणे ही शासनाची जबाबदारी आहे, त्यासाठी कॅरिबूंचे मैदान गहाण टाकणे योग्य नव्हे. सरकार बदलले की पट्टे दिले जातात आणि रद्द होतात. संसदेने किनारी मैदानाला कायमचे संरक्षण दिल्याखेरीज हा वाद मिटणार नाही.